श्रवणयंत्र : कर्तव्य आणि हक्क

वार्धक्यात श्रवणशक्ती क्षीण झाली की मनुष्य अजान, खुत्बा आणि नातवंडांच्या बोलांनाही पारखा होतो. बिरवाडीसारख्या गावी श्रवणयंत्राचा खर्च कोणी करावा? पुत्र समर्थ असेल, तर ते त्याचेच कर्तव्य होय; आपली जकात आईवडिलांना देऊन तो त्यातून मुक्त होत नाही. तो असमर्थ असेल, तर दोन मार्ग आहेत. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेत ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व अल्प उत्पन्नाचा दाखला असल्यास यंत्र विनामूल्य मिळू शकते. दुसरा मार्ग इतरांच्या जकातीचा. सूरह अत्तौबाच्या ६० व्या आयतीनुसार फकीर व मिस्कीन तिचे हक्कदार आहेत. हक्कदाराला याचना करावयास लावू नये. जमातीनेच त्याच्या दारी जावे.