दिल्ली ते सान फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ

भिंतीवरील नकाशात दिल्ली आणि सान फ्रान्सिस्को ही शहरे परस्परांपासून फार दूर, दोन विरुद्ध बाजूंना दिसतात. त्यांना जोडणारा जवळचा मार्ग यूरोप व अटलांटिक महासागरावरून जात असावा, अशी आपली सहज समजूत होते. वाचकाने पृथ्वीगोल घेऊन या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून पाहावा. तो दिल्लीहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, हिमालय व सायबीरिया ओलांडून 75 उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे पोहोचतो आणि अलास्कावरून खाली येतो. ही लांबी सुमारे 12,400 किलोमीटर भरते. दोन विमानतळांमधील अंतर म्हणून साधारणतः हाच आकडा दिला जातो.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जातेच असे नाही. एअर इंडियाने डिसेंबर 2015 मध्ये या दोन शहरांदरम्यान थेट सेवा सुरू केली, तेव्हा दिल्लीहून निघालेले विमान पश्चिमेस अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये पूर्वेकडील पॅसिफिक महासागरावरचा मार्ग स्वीकारण्यात आला. त्याची लांबी सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 किलोमीटरांनी अधिक. तरीही प्रवास साडेचौदा तासांत झाला. जवळजवळ दोन तास वाचले!

याचे कारण वाऱ्यात आहे. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडणारी होडी तेवढ्याच वल्ह्यांत अधिक दूर जाते. विमानाचेही तसेच आहे. त्याचा वेग सभोवतालच्या हवेच्या संदर्भात ठरतो आणि ती हवा स्वतः वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून या वाऱ्यांचा वेग मोजला होता. आपले निष्कर्ष त्यांनी 1926 मध्ये एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले; ते फारसे कोणी वाचले नाहीत, यात नवल नाही.

वरील आकड्यांचा भागाकार केला, तर पॅसिफिक मार्गावर जमिनीच्या संदर्भात सरासरी वेग ताशी सुमारे 1,055 किलोमीटर येतो आणि अटलांटिक मार्गावर सुमारे 840. एंजिने मात्र तीच. इंधन मुख्यतः उड्डाणाच्या तासांनुसार जळते. म्हणून लांबचा मार्ग स्वस्तही पडू शकतो. रेल्वेच्या वेळापत्रकाने आपल्याला किलोमीटर मोजण्याची सवय लावली आहे, ती येथे उपयोगी पडत नाही.

हा लाभ बारमाही सारखा नसतो. जेट प्रवाह हिवाळ्यात प्रबळ होतात, उन्हाळ्यात मंदावून उत्तरेकडे सरकतात. त्याच मार्गाने पश्चिमेकडे परतणाऱ्या विमानाला तर हेच वारे समोरून येतात.

घड्याळाचा हिशेब आणखी निराळा. उन्हाळी वेळ लागू असताना सान फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. पहाटे 4 वाजता निघालेला प्रवासी साडेचौदा तास उडून तेथे उतरतो, तेव्हा त्याच तारखेचे सकाळचे 6 वाजलेले असतात.