विमानविद्या घरबसल्या शिकता येईल काय?

यवतमाळात राहून, संगणकावर शिकून, विमान व अवकाश अभियांत्रिकीची पदवी मिळेल काय, असा प्रश्न विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. परगावच्या वसतिगृहाचा खर्च कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नातून काढणे सोपे नसते. म्हणून कोठेही शुल्क भरण्यापूर्वी उत्तर नीट समजावून घेऊ.

या विद्येचा बराच भाग घरी शिकता येतो. विमानाला वर उचलून धरणारे उत्थापक बल असे काढतात : ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखांचे क्षेत्रफळ × उत्थापन गुणांक. समजा, १,००० किलोग्रॅमचे छोटे विमान आहे. पंखांचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर, वेग सेकंदाला ३० मीटर आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम. गुणांक सोडून उरलेला गुणाकार ८,६४० न्यूटन येतो. विमानाचे वजन ९,८०० न्यूटन. म्हणजे ते हवेत तरंगत राहण्यास गुणांक सुमारे १.१३ हवा. हे गणित तुम्हीही करू शकाल.

पण हा गुणांक आणायचा कोठून? तो पंखाच्या आकारावर आणि वाऱ्याशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असतो. कोन वाढवला की गुणांक वाढतो. मात्र साधारण १५ अंशांच्या आसपास हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि उत्थापक बल एकाएकी घटते. नेमक्या कोणत्या कोनाला असे होईल, हे वातविवरात, म्हणजे ठरावीक वेगाने वारा वाहवणाऱ्या बोगद्यात, पंखाची प्रतिकृती ठेवून मोजतात. संगणक हे काढत नाही काय? काढतो, परंतु नेमक्या याच टप्प्यावर त्याचे उत्तर पडताळून घ्यावे लागते. कानपूरच्या आयआयटीत वातविवर तर आहेच, शिवाय स्वतःची धावपट्टीही आहे. तेथे विद्यार्थी प्रत्यक्ष विमानात बसून नोंदी घेतात. ही सोय घरी कशी व्हावी?

कायद्याचेही म्हणणे असेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. त्याआधी चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीवाचून अशा पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळातील प्रवेशांच्या पदव्या स्थगित केल्या आणि नंतरच्या प्रवेशांच्या परत घ्यावयास लावल्या. नोकरीला लागलेल्या माणसांच्या पदव्याही त्यात अडकल्या. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठ या विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन देते खरे, पण ती आधी पदवी घेतलेल्यांसाठी.

मग यवतमाळच्या मुलामुलींनी काय करावे? अभियांत्रिकी महाविद्यालये यवतमाळातही आहेत. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन, ‘गेट’ परीक्षा देऊन, पवईच्या आयआयटीसारख्या संस्थेत विमान अभियांत्रिकीच्या एमटेकला प्रवेश मिळवता येतो. हा रस्ता लांबचा असला तरी पक्का आहे. दरम्यान आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरील व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर विनामूल्य ऐकता येतात, शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यासच. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. आणि बारावीला गणित सोडू नका. ते सोडले, तर या रस्त्यावर पाऊलच टाकता येणार नाही.