निसर्गपाठ : उन्हाळ्यातील निष्पर्ण रान

फाल्गुन-चैत्रात बेल्हे परिसरातील डोंगर उघडे दिसू लागले की, “झाडे वाळली, रान मेले,” असे मुले सहज म्हणतात. हा समज वेळीच दूर करणे अगत्याचे आहे. कारण मेलेले मानलेल्या रानाला काडी लावताना हात कचरत नाही.

प्रारंभ : निष्पर्ण पळसाच्या कोवळ्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडून दाखवावी. आतील हिरवा थर पाहून, “हे झाड जिवंत, मग पाने का गळली?” असा प्रश्न विचारावा.

विवेचन : जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडतो, पूर्वेकडील बेल्हे मात्र पर्जन्यछायेत आहे. येथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत पडतो. पुढे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कोरडा. झाडाने मुळांवाटे घेतलेले पाणी पानांतून वाफ होऊन जाते. जमिनीतील ओल सरत आली की हा खर्च झेपत नाही. म्हणून साग, सावर, पळस पाने गाळतात. भूमध्य समुद्राकाठीही उन्हाळा कोरडाच असतो, परंतु तेथे पाऊस हिवाळ्यात येतो. तेथील ऑलिव्ह वृक्ष पाने न गाळता ती लहान, जाड व चिवट राखून पाणी वाचवितो. संकट एकच, उपाय निराळे.

गळलेली पानेही वाया जात नाहीत. पाचोळा उन्हापासून जमीन झाकतो. वाळवी व बुरशी त्याचे खत बनवितात आणि वळवाचे पाणी त्याखाली मुरते.

“जाळल्याने गवत चांगले येते,” असे एखादे मूल सांगेल. त्यास दटावू नये. राखेवर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. परंतु वणव्यात पाचोळ्याबरोबर बी व कोवळी रोपे जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते, हे समजावून द्यावे.

प्रयोग : उताराच्या 2 सारख्या जागा निवडाव्यात, एक उघडी, दुसरी पाचोळ्याने झाकलेली. दोन्हींवर एकेक तांब्या पाणी सारख्याच वेगाने ओतावे. कोठून गढूळ पाणी वाहिले, कोठे मुरले, हे मुलांनीच सांगावे.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने आपल्या वाटेवरील एक झाड निवडून पानगळ, फुले व नवी पालवी यांच्या तारखा वहीत नोंदवाव्यात. ज्या दिवशी पहिली पालवी दिसेल, त्या दिवशी ती वार्ता फळ्यावर लिहावी. जे रान मुलांनी वर्षभर पाहिले, त्यास ती सहसा आग लावू देणार नाहीत.