तलंग कोणती व नर कोणता?

छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून परसातील कोंबडीपालनासाठी एक दिवसाची पिले मिळतात. त्या वयात नर व मादी वरवर सारखीच दिसतात. गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात शोधून काढली; परंतु ते तरबेज हाताचेच काम होय. नवख्याने पिलू दाबल्यास ते दगावण्याचा संभव असतो.

टोकदार अंड्यातून नर निघतो, हा समजही भरवशाचा नाही. पिलाचे लिंग कोंबडीच्या बीजपेशीतच ठरलेले असते.

म्हणून शेतकऱ्याने धीर धरावा. सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो, पायही जाड दिसतात. मादीचा तुरा लहान व फिकट राहतो. मात्र जातीपरत्वे तुऱ्यात फरक असल्याने एकाच जातीची व वयाची पिले शेजारी धरून पाहावीत. अधिक खात्रीची खूण बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिसते. नराच्या मानेवरील व शेपटीच्या बुडाजवळील पिसे लांब, निमुळती व चकचकीत होतात. मादीची गोल टोकाचीच राहतात.

घाईने तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली मादी, बाजारात गेली की पुढील अंडी बुडाली. जादा नर पोसले की दाणा वाया गेला. शासकीय योजनेतील गटात २५ माद्यांमागे ३ नर असतात. तेच प्रमाण घरी राखावे व पिसे पाहिल्यावाचून एकही पक्षी विकू नये.