ध्रुवप्रदेशातील श्रम आणि दमसास

ध्रुवप्रदेश म्हटला की प्रथम थंडीच डोळ्यांपुढे येते. वैद्यकाला मात्र तेथील श्रमांचाही तितकाच विचार करावा लागतो. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांचे नियोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. त्यामुळे गोव्यातील वैद्यकबंधूंना हा विषय परका नाही.

श्रमांचे स्वरूप : मऊ बर्फात पाऊल जितके खोल रुते तितका ऊर्जेचा खर्च वाढतो. जाड कपडे व जड बूट त्यात भर घालतात. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. ध्रुवाजवळ हवेचा दाब कमी असल्याने शरीराला ती उंची आणखी अधिक भासते.

दमसासाचे गणित : एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. स्लेज ओढण्यास मिनिटाला दीड लिटर ऑक्सिजन लागतो असे उदाहरणादाखल मानू. दहा तासांत ४,५०० किलोकॅलरी खर्ची पडतील. उरलेल्या चौदा तासांचा खर्च मिळवला, तर आकडा साडेपाच हजारांपुढे जाईल. ज्याची कमाल ऑक्सिजन-क्षमता मिनिटाला ३ लिटर आहे, त्याला या कामी निम्मी क्षमता वेचावी लागते. ४ लिटर असणाऱ्याला सुमारे ३८ टक्के. वादळात तंबू उभारण्याची वेळ आली, तर दुसऱ्याजवळ अधिक शिल्लक असते. दमसास म्हणजे ही शिल्लक होय.

इतिहासाची साक्ष : कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्यांच्या पथकाचा पठारावरील दैनिक शिधा सुमारे ४,५०० किलोकॅलरींचा होता. वरील हिशेबाशी तो ताडून पाहावा. परतीच्या वाटेवर पाचही जण दगावले. थंडी व जीवनसत्त्वांची उणीव ही कारणे होतीच, परंतु रोजची ही तूटही दुर्लक्षिता येत नाही. १९९२-९३ मध्ये रॅनल्फ फाइन्स व डॉ. माइक स्ट्राउड यांनी बाहेरची मदत न घेता सुमारे ९५ दिवस स्लेज ओढून अंटार्क्टिका खंड ओलांडला. समस्थानिकयुक्त पाणी पिऊन त्यांनी स्वतःचा ऊर्जाव्यय मोजविला. आहार सुमारे ५,००० किलोकॅलरींचा होता; पठाराच्या चढणीवर खर्च मात्र १०,००० च्याही पुढे गेला. दोघांचे वजन २० किलोहून अधिक घटले. चरबीबरोबर स्नायूही झिजले. अन्न अधिक घ्यावे तर स्लेज जड होते आणि श्रम वाढतात. उत्तम दमसासही या उपासमारीपुढे टिकत नाही.

आजच्या मोहिमा : ‘मैत्री’ व ‘भारती’ या भारतीय केंद्रांवर सहसा एवढी पायपीट नसते. धोका निराळा आहे. अनेक दिवस बैठे काम आणि मध्येच माल उतरविणे किंवा फावड्याने बर्फ उपसणे! थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. त्यातच अचानक जड श्रम पडले, तर हृदयरोहिण्यांचा सुप्त विकार उघड होऊ शकतो. हिवाळ्यात रुग्णाला तेथून हलविणे जवळजवळ अशक्य असते. घाम हाही शत्रूच; काम थांबताच उष्णतेची निर्मिती घटते आणि ओले कपडे अंग गारठवतात.

वैद्यकाचे कर्तव्य : मोहिमेला निघालेल्या व्यक्तीची तपासणी करताना विश्रांतीतील इ.सी.जी. निर्दोष आहे एवढ्यावर समाधान मानू नये. श्रमचाचणी करावी; रक्तदाब, मधुमेह व दमा यांची बारकाईने विचारणा करावी. काही महिने आधीपासून जलद चालणे, पाठीवर ओझे घेऊन चढ चढणे आणि स्नायूंचे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवीत न्यावेत. केंद्रावरही हा नेम चालू ठेवावा, घाम फुटण्यापूर्वी कपड्यांचा एखादा थर उतरवावा आणि तहान नसली तरी पाणी प्यावे, हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. हिमवादळात परतीची वाट बंद झाली असता उपयोगी पडणारी शिल्लक घरूनच न्यावी लागते. ती पुरेशी आहे किंवा नाही, हे प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्या वैद्यकानेच पाहावयाचे असते.