शिसे की टंगस्टन? जाळ्याच्या आणि गळाच्या वजनाची निवड

जाळे तळाशी बसते ते त्याच्या काठाला ओवलेल्या वजनांमुळे, आणि ही वजने आपल्याकडे बहुतांशी शिशाची असतात. शिसे जड, मऊ आणि स्वस्त आहे. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे घरच्या चुलीवरही त्याच्या गोळ्या पाडता येतात. अलीकडे बेंगळुरूसारख्या शहरांतील हौशी गळकऱ्यांच्या पेटीत टंगस्टनची वजने दिसू लागली आहेत, आणि शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंतही ‘बिनविषारी आणि शिशाहून जड’ अशी त्यांची ख्याती पोहोचली आहे. ती घ्यावीत का, या प्रश्नाचे उत्तर गळासाठी एक आणि जाळ्यासाठी दुसरे आहे.

प्रथम पाण्यातील वजनाचा हिशेब पाहू. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट, शुद्ध टंगस्टनची सुमारे १९.३ पट, लोखंडाची ७.८७ पट. हे आकडे पाहून टंगस्टनपुढे लोखंड अगदीच हलके वाटते. परंतु जाळे बुडवते ते हवेतील वजन नव्हे, तर वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वजा जाता उरलेले वजन. १०० ग्रॅम शिशाचे पाण्यात सुमारे ९१ ग्रॅम उरतात, तर १०० ग्रॅम लोखंडाचे ८७. बाजारातील टंगस्टनचे वजन हे शुद्ध टंगस्टन नसून मिश्रधातू असते; त्याची घनता १७ धरली तर ९४ ग्रॅम उरतात. म्हणजे ज्या फेकजाळ्याला (कोकणात पाग) ४ किलो शिसे लागते, त्याला लोखंड सुमारे ४ किलो १८० ग्रॅम पुरते, आणि टंगस्टन घेतले तर ३ किलो ८८० ग्रॅम. शिशाच्या कित्येक पट किंमत मोजून वाचले ते अवघे १२० ग्रॅम. जाळ्यासाठी टंगस्टनचा विचार इथेच संपतो. भाजलेल्या मातीचे मणी मात्र पाण्यात निम्मे वजन गमावतात. स्थिर पाण्यातील उभ्या जाळ्याला ते चालतात. फेकजाळ्याला ते सोयीचे नाहीत.

टंगस्टनची खरी गुणवत्ता वजनात नसून आकारात आहे. १० ग्रॅमचे शिसे ०.८८ घन सेंटिमीटर जागा व्यापते, तर तेवढ्याच वजनाचा टंगस्टनचा मिश्रधातू ०.५९ घन सेंटिमीटर. अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशाच्या स्पर्धांमुळे ही वजने लोकप्रिय झाली. बास पाणवनस्पतींच्या दाटीत दबा धरून बसतो. लहान वजन त्या दाटीतून सहज खाली उतरते. शिवाय टंगस्टन कठीण असल्याने तळाला दगड आहे की चिखल, हे तंगुसातून हाताला स्पष्ट कळते. मऊ शिसे तो धक्का स्वतःच गिळते. आपल्याकडे मरळीचा गळ लावणाऱ्याला हा फायदा ओळखीचा वाटेल, कारण मरळही अशाच गचपणात राहते. एकच दोरी, एकच गळ आणि वर्षाकाठी हरवणारी मोजकी वजने, अशा माणसाला टंगस्टनचा खर्च परवडू शकतो. मात्र कठीण वजनाची छिद्राची कड तंगूस कापते, म्हणून आत प्लास्टिकची नळी असलेलेच वजन घ्यावे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळत असल्याने त्याची भुकटी निकेल, लोखंड यांसारख्या धातूंबरोबर भट्टीत भाजून ही वजने घडवतात. घरी ती बनवता येत नाहीत. एका अर्थी तोही फायदाच, हे पुढे स्पष्ट होईल.

खडकाळ नदीत गणित पुन्हा बदलते. कर्नाटकात भीमेश्वरीच्या परिसरात कावेरीवर महाशीर माशासाठी देशोदेशीचे गळकरी येत. नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून वरच्या दोरीवर शिशाची पट्टी सैल गुंडाळण्याची तिथली पद्धत होती. पट्टी खडकात अडकली की सुटून जाई आणि मासा हाती राही. युक्ती उत्तम, पण पट्टी नदीतच राही. पुढे अभयारण्याच्या हद्दीत गळाच्या मासेमारीला बंदी आली, आणि २०१८ मध्ये तेथील कुबडाच्या महाशीराची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. माशाच्या ऱ्हासाची कारणे धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी अशी अनेक आहेत. त्यासाठी शिशाला दोष देणे योग्य नाही. परंतु जिथे वजन हरवणारच आहे, तिथे सुतळीने बांधलेला नदीतलाच गोटा शिशाहून आणि टंगस्टनहूनही शहाणपणाचा.

हरवलेले शिसे कोणाला बाधते? सर्वांत आधी पाणपक्ष्यांना. पक्ष्यांना दात नसतात. अन्न दळण्यासाठी ते खडे गिळतात आणि ते पेषणीत साठवतात. कोंबडी-बदक पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. तळाशी खडे वेचणारे बदक छोटी शिशाची गोळी खडा समजून गिळते, पेषणीतील आम्ल आणि घर्षण तिला झिजवते आणि शिसे रक्तात उतरते. एकच वजन पक्ष्याला मारण्यास पुरेसे ठरते. इंग्लंडमध्ये राजहंसांचे असे मृत्यू वाढल्यावर १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या टप्प्यातील बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९९१ पासून देशभर शिशाचे छर्रे वर्ज्य आहेत, आणि पर्याय म्हणून मान्य झालेल्या धातूंत टंगस्टनचे काही मिश्रधातूही आहेत. जस्ताची लहान वजने मात्र पर्याय म्हणून घेऊ नयेत. जस्तही पाणपक्ष्यांना विषारी आहे.

तळातील चिखलाचीही दखल घ्यायला हवी. कायरोनोमस जातीच्या न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या, ज्यांना मत्स्यपालक रक्तकिडे म्हणून ओळखतात, गाळात राहतात आणि मत्स्यबीजाचे उत्तम खाद्य ठरतात. शिशासारख्या जड धातूंनी दूषित गाळात या अळ्यांच्या मुखावयवांचे दात वेडेवाकडे किंवा कमी निपजतात. जगभर ही विकृती गाळाच्या प्रदूषणाची खूण म्हणून तपासली जाते. तरीही घाबरण्याचे कारण नाही. अखंड शिसे पाण्यात फार हळू विरघळते. कठीण, विम्लधर्मी पाण्यात त्यावर कार्बोनेटचा थर बसतो आणि वेग आणखी मंदावतो. मृदू, आम्लधर्मी पाण्यात तो वाढतो. काही गोळ्या हरवल्या म्हणून तळ्यातील मासळी विषारी होत नाही. अशी अफवा पसरू देणे मत्स्यपालकाच्या मुळावर येईल.

शिशाचा खरा धोका तळ्यात नसून घरात आहे. वितळलेल्या शिशावर धरणारी राखाडी-पिवळसर साय म्हणजे शिशाचे ऑक्साइड. ती काढून अंगणात टाकली की वाळून तिची धूळ होते. चुलीची आच जितकी वाढते तितका धूरही वाढतो, आणि तो डोळ्यांना दिसतोच असे नाही. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या वितळवणे सर्वांत वाईट, कारण त्यांत शिशाच्या संयुगांची भुकटी आधीच भरलेली असते. वजने ओवताना हाताला काळपट रंग येतो. त्याच तळव्यावर तंबाखू मळली, किंवा छऱ्याची फट दातांनी दाबून बंद केली, की शिसे सरळ पोटात जाते. खाल्लेल्या शिशापैकी लहान मुले प्रौढांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेतात, आणि ते हाडांत कॅल्शियमच्या जागी वर्षानुवर्षे साठून राहते.

या विषयाशी बेंगळुरूचा जुना संबंध आहे. जॉर्ज फाउंडेशनने नव्वदच्या दशकात बेंगळुरूसह देशातील मोठ्या शहरांत रक्ततपासणी केली, तेव्हा १२ वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅमहून जास्त आढळले. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील प्रा. टी. व्यंकटेश यांनी पुढे शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. जागतिक आरोग्य संघटना आज ५ मायक्रोग्रॅमलाच स्रोत शोधून तो दूर करण्यास सांगते, आणि शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानत नाही. ज्या घरी गोळ्या पाडल्या जातात तेथील मुलाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठता, न हटणारा पांडुरोग किंवा अभ्यासातील मागासलेपण असेल, तर विस्तार कार्यकर्त्याने रक्तातील शिशाच्या तपासणीचा सल्ला अवश्य द्यावा. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नसेल तर हा संशय अधिक धरावा.

म्हणून जाळ्याला लोखंड. फेकजाळ्याच्या काठाला बारीक साखळी किंवा लोखंडी कड्या लावाव्यात. आकारमान शिशाच्या दीडपट होत असल्याने जाळे किंचित सावकाश बुडते. फेकणाऱ्याचा हात थोड्याच दिवसांत त्याला सरावतो. गंज ही खरी अडचण आहे. वापरानंतर जाळे गोड्या पाण्यात खंगाळून सावलीत पसरावे, आणि साखळी थेट जाळ्याला न बांधता वेगळ्या दोरीवर घ्यावी, म्हणजे गंजलेली साखळी बदलताना जाळे उसवावे लागत नाही. अस्तर लावलेल्या शेततळ्यात मात्र उघडी साखळी किंवा नट-वॉशर वापरू नयेत. त्यांच्या कडा प्लास्टिकच्या अस्तराला ओरखडे पाडतात, आणि एक भोक म्हणजे सारे पाणी गेले. तिथे साखळी मऊ प्लास्टिक नळीत किंवा जाड कापडाच्या पट्टीत शिवून घ्यावी. शिशाच्या बाजूने एवढे कबूल करायला हवे की मऊपणामुळे ते अस्तराला फारसे दुखवत नाही. नळीतली साखळीही तेच काम करते.

जुनी शिशाची वजने काढताना ती वितळवू नयेत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. झाकणाच्या डब्यात साठवून, वर नाव लिहून, नोंदणीकृत शिसे-पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवावीत. गावातील पाच-सात जाळ्यांचे मिळून वीस-पंचवीस किलो सहज निघते आणि त्याला भंगाराचा भावही मिळतो. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेने ते एकत्र दिले, तर त्याच पैशात साखळीचा बराचसा खर्च निघू शकतो.