मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर गाडी घेऊन जाताना

मॉरिशसमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे मुंबई-पुण्याचा माणूस विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली घेतो आणि निर्धास्त होतो. सुयाक ते ल मॉर्न या दक्षिण किनाऱ्यावर मात्र ही बेफिकिरी नडते. रस्ता अरुंद, साइडपट्टी जवळजवळ नाहीच, आणि तोडणीआधी ऊस इतका वाढलेला असतो की वळणापलीकडचं काही दिसत नाही.

बेल ओंब्रच्या अलीकडे समोरून बस आली. तिला वाट देताना डांबराच्या तुटक्या कडेनं पुढचा डावा टायर बाजूनं चिरला. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रावणाची बाटली! खिळ्याच्या भोकाला ते चालतं, बाजूच्या चिरेपुढे बाटली रिकामी केली तरी उपयोग शून्य. वर गाडीवाल्यानं टायर विम्यात बसत नाही म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. तेव्हा सही करण्याआधी डिकी उघडायला लावा, स्टेपनी आणि जॅक डोळ्यांनी पाहा. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग विम्यात आहे का, हे लेखी घ्या. चारही रिमचा व्हिडिओ काढा. काउंटरवरचा माणूस कंटाळला तर कंटाळू दे.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच काढून न्या. कागदांचं महत्त्व या किनाऱ्याला जुनंच ठाऊक आहे. बेट फ्रेंचांच्या ताब्यात असताना, 1803 मध्ये, इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स बे दु काप इथे उतरला तेव्हा त्याच्याकडचा फ्रेंच परवाना दुसऱ्याच जहाजाच्या नावाचा होता. फ्रेंचांनी त्याला अडकवून ठेवलं; सुटका व्हायला 1810 उजाडलं. (तुमच्या वाट्याला फार तर दंड येईल.)

जून-जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हाच हंगाम ऊसतोडणीचा, म्हणजे रस्त्यावर लादलेले ट्रक. माकोंदेचं कड्यालगतचं वळण उजेडातच पार करा. नकाशा दाखवतो त्या वेळेत निम्मी भर घाला, कारण फोटोला थांबणं होतंच.

आणि सुयाकच्या ग्री ग्री किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तिथे तुटलेली आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. मुलांना डुंबायचंच असेल तर ल मॉर्नच्या सार्वजनिक किनाऱ्यापर्यंत दम धरायला सांगा, आणि तिथेही पाण्याची ओढ कुठे आहे ते स्थानिकांना आधी विचारा.